वीस वेळा शून्य, तरीही संघात : जॅकी रॉबिन्सन



जून महिन्यात शाळा सुरू झाली की पंधरा-वीस दिवसांतच आपल्या डोक्यात वर्गाची एक यादी तयार होते. हा हुशार, ही मध्यम, याच्याकडे जरा बघावं लागेल. पायाभूत चाचणीचे गुण भरले की ती यादी पक्की होते. खरं सांगा, होते ना? माझीही होते. मग वर्षभर आपण त्या यादीतूनच मुलांकडे बघत राहतो. पालकांचंही तसंच. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की घरात चिंता सुरू होते आणि शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होते.

आज मी ज्या माणसाची गोष्ट सांगणार आहे, तो आपल्या कामाच्या पहिल्याच महिन्यात सलग वीस वेळा अपयशी ठरला होता. सगळा देश त्याच्याकडे बघत होता. त्याला काढून टाका म्हणणारे तर वाटच बघत होते. पण त्याला काढलं नाही. त्याला पूर्ण वर्ष मिळालं, आणि त्या वर्षाने अमेरिकेचा इतिहास बदलला. त्याचं नाव जॅकी रॉबिन्सन. खेळ बेसबॉल. संघ ब्रुकलिन डॉजर्स.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मुलांना सांगतानाही आधी हे सांगा.

संघात ९ खेळाडू असतात. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू टाकणारा पिचर, आणि मारणाऱ्याच्या हातात गोल बॅट. चेंडू मारून पळायचं, एकेक बेस गाठायचा आणि शेवटी जिथून सुरुवात केली त्या ‘होम’वर परत यायचं. मग एक धाव मिळते. पिचरचं लक्ष नसताना पुढच्या बेसकडे धूम ठोकायची, याला बेस चोरणं म्हणतात. या चोरीला शिक्षा नाही, उलट टाळ्या मिळतात!

आता महत्त्वाची गोष्ट. फलंदाजाने असा फटका मारला की ज्यावर तो बाद न होता बेसवर पोहोचला, तर तो ‘हिट’. दहा वेळा बॅट घेऊन उभं राहिल्यावर तीन हिट मिळाले तर सरासरी ०.३०० होते, आणि ०.३०० वाला फलंदाज उत्तम मानला जातो. म्हणजे बघा, दहापैकी सात वेळा जो हात हलवत परत येतो, तो उत्तम! आपल्याकडे ३० टक्क्यांना काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे.

असं का चालतं? कारण हंगाम लांब असतो. त्या काळी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संघ १५४ सामने खेळायचा. जवळजवळ रोज सामना. आज हरलात तर उद्या दुपारी पुन्हा मैदानावर. जिंकलात तरी उद्या पुन्हा. सर्वांत चांगला संघही वर्षात पन्नास-साठ सामने हरतोच. नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग. दोन्हींचे अव्वल संघ शेवटी ऑक्टोबरमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ खेळायचे. सातपैकी चार सामने जो जिंकेल तो विजेता.

थोडक्यात, रोजचे सामने म्हणजे आपलं आकारिक मूल्यमापन आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे संकलित.

वाळूत बसलेला मुलगा

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कैरो नावाच्या गावाजवळ झाला. पूर्ण नाव जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन. पाच भावंडांत सर्वांत धाकटा. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. जॅकी अगदी तान्हा असताना ते घर सोडून गेले. आई मॅली हिने १९२० मध्ये पाचही लेकरांना घेऊन रेल्वेने थेट देशाचं दुसरं टोक गाठलं. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना शहर. तिथे ती गोऱ्या लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करू लागली.

आता लहान जॅकीला सांभाळायचं कोणी? मोठी बहीण विला मे शाळेत जायला लागली होती. आईने शाळेतल्या बाईंना विनंती केली, आणि विला मे धाकट्या भावाला घेऊन शाळेत येऊ लागली. ती वर्गात शिकायची आणि जॅकी बाहेर वाळूच्या हौदात एकटा खेळत बसायचा. शाळा सुटली की दोघं घरी.

आपल्यापैकी अनेकांनी हे दृश्य पाहिलं आहे. ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या काळात कडेवर भावंड घेऊन येणारी मुलगी आपल्याला नवीन नाही. त्या बाईंनी त्या दिवशी नियमावर बोट ठेवलं असतं तर? विला मेची शाळा सुटली असती. कदाचित पुढचं बरंच काही घडलं नसतं.

ते कुटुंब राहायचं ती गल्ली गोऱ्यांची होती. शेजाऱ्यांना हे कृष्णवर्णीय कुटुंब नको होतं. शहराच्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीय मुलांना ठरलेल्या दिवशीच जाता यायचं.

मोठा भाऊ मॅक उत्तम धावपटू होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवलं. पहिला आला तो जेसी ओवेन्स. पण पदक घेऊन घरी आल्यावर मॅकला काम कोणतं मिळालं? रस्ते झाडायचं. ऑलिंपिकचा कोट घालून तो पॅसाडेनाचे रस्ते झाडायचा. जॅकीने हे रोज डोळ्यांनी पाहिलं. गुणवत्ता असली की सगळं मिळतं, असं आपण मुलांना सांगतो. जॅकीला घरातच कळलं होतं की गुणवत्तेला आधी मैदानात उतरू द्यावं लागतं.

सैन्यातली बस

पुढे तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला. फुटबॉल, बास्केटबॉल, ॲथलेटिक्स आणि बेसबॉल अशा चार खेळांत विद्यापीठाचा मान मिळवणारा तो तिथला पहिलाच खेळाडू. गंमत म्हणजे चौघांत सर्वांत कच्चा खेळ बेसबॉलच होता! १९४० साली विद्यापीठाच्या संघाकडून खेळताना त्याची सरासरी ०.१०० च्याही खाली होती. त्या वर्षाच्या गुणांवरून कोणी सल्ला दिला असता, तर बाळा, बेसबॉल सोड असाच दिला असता.

तिथेच त्याची रेचल इसम या मुलीशी ओळख झाली. ती परिचारिका होण्यासाठी शिकत होती. पुढे १९४६ मध्ये दोघांचं लग्न झालं.

दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला आणि अधिकारीही झाला. जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधल्या छावणीत बसच्या चालकाने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. कारण एकच, कातडीचा रंग. जॅकी उठला नाही. प्रकरण लष्करी न्यायालयात गेलं. तो निर्दोष सुटला.

हा प्रसंग लक्षात ठेवा. जॅकी मुळात गप्प बसणारा माणूस नव्हता. पुढचं समजायला हे फार महत्त्वाचं आहे.

एक अवघड अट

अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू नकोत, असा नियम कागदावर कुठेही लिहिलेला नव्हता. तरी साठ वर्षांहून जास्त काळ एकालाही घेतलं नव्हतं. त्यांच्या लीग वेगळ्या. तिथे एकापेक्षा एक सरस खेळाडू म्हातारे होऊन गेले, पण त्यांना कोणी मोठ्या मैदानावर येऊ दिलं नाही. जॅकीसुद्धा १९४५ मध्ये अशाच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाकडून खेळत होता.

ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचाच एक भाग. तिथल्या डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ही भिंत पाडायचं ठरवलं. २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी जॅकीला आपल्या कार्यालयात बोलावलं. भेट सुमारे तीन तास चालली. लोक कशा शिव्या देतील, हॉटेलवाले कसे हाकलतील, समोरचा खेळाडू कसा अंगावर येईल, हे सगळं रिकींनी त्याला नक्कल करून दाखवलं. आणि अट घातली की सुरुवातीची काही वर्षं उलट उत्तर द्यायचं नाही. हात उगारायचा नाही, तोंडही उघडायचं नाही. कारण त्याने एक ठोसा मारला तरी लोक म्हणणार, बघा, आम्ही सांगत होतो ना! आणि दार पुढची कित्येक वर्षं बंद होणार.

बसमधली जागा न सोडणाऱ्या माणसाला ही अट घातली होती. त्याने ती मान्य केली.

१९४६ चं वर्ष तो डॉजर्सच्या हाताखालच्या, कॅनडातल्या मॉन्ट्रियल संघाकडून खेळला. १८ एप्रिलला पहिल्याच सामन्यात त्याने चार हिट मारले, त्यातला एक होम रन. दोन बेस चोरले. संघ १४-१ ने जिंकला. वर्षाअखेर सरासरी ०.३४९, लीगमध्ये सर्वांत जास्त. आता त्याला वर घेण्यावाचून पर्याय नव्हता.

१९४७ : पहिला महिना

तरी वाट सोपी नव्हती. सरावाच्या दिवसांत डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज करायचं ठरवलं. संघाचे व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांना हे समजलं. त्यांनी मध्यरात्री सगळ्यांना उठवून एकत्र बसवलं आणि स्पष्ट सांगितलं की मला रंगाशी देणंघेणं नाही, सामने जिंकण्याशी आहे. अर्ज तिथेच विरला. पण हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यातच ड्युरोशर यांच्यावर दुसऱ्या कारणाने वर्षभराची बंदी आली. म्हणजे पाठीशी उभा राहणारा माणूसच गेला!

१५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड मैदान. २६ हजारांहून जास्त प्रेक्षक. रेचल पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आलेली. जॅकी ४२ क्रमांकाचा शर्ट घालून पहिल्या बेसवर उभा राहिला. ही जागाही त्याच्या सवयीची नव्हती, ती त्याला नुकतीच शिकवली होती. त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाला नाही. पण त्याने एक महत्त्वाची धाव काढली आणि डॉजर्स ५-३ ने जिंकले.

नवे व्यवस्थापक आले बर्ट शॉटन. वय ६२. ते संघाचा गणवेशही घालायचे नाहीत, साध्या कपड्यांत येऊन बाकावर बसायचे.

२२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्यांचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि काही खेळाडू बाकावरून जॅकीला इतक्या घाणेरड्या शिव्या देत होते की त्या इथे लिहिता येणार नाहीत. जॅकीने पुढे लिहून ठेवलं आहे की त्या दिवशी तो अट मोडण्याच्या अगदी जवळ पोहोचला होता. त्याने ती मोडली नाही. आठव्या डावात हिट मारला, बेस चोरला आणि सामन्यातली एकमेव धाव काढली. डॉजर्स १-० ने जिंकले. शेवटी त्याच्याच संघातल्या एडी स्टँकीला राहवलं नाही. उत्तर न देण्याची अट घातलेल्या माणसाला काय छळता, असं तो चॅपमनच्या लोकांना सुनावू लागला. याआधी स्टँकीलाही जॅकी संघात फारसा नको होता, हे विशेष.

आणि मग सुरू झाली पडझड. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जॅकी वीस वेळा फलंदाजीला उभा राहिला आणि वीसही वेळा हिट नाही. एकही नाही. खांदाही दुखत होता. सरासरी ०.२२५ वर घसरली. वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. इतर कोणत्याही नवख्याला या आकड्यांवर बाकावर बसवलं असतं.

शॉटन यांनी त्याला बसवलं नाही. मोठं भाषण केलं नाही, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला नाही. फक्त रोज सकाळी खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव लिहीत राहिले.

मला या सगळ्या चरित्रात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. आपण शिक्षक म्हणून मुलासाठी फार मोठं काहीतरी करायला हवं असं आपल्याला वाटतं. कधी कधी एवढंच करायचं असतं. काल उत्तर चुकलेल्या मुलाला आज पुन्हा उभं करायचं. वाचताना अडखळलेल्या मुलीला उद्याही वाचायला द्यायचं. यादीत नाव लिहीत राहायचं.

१९४७ : उरलेले पाच महिने

मे महिन्यात चेंडू बॅटवर येऊ लागला. पण बाकीचा त्रास थांबला नाही. फिलाडेल्फियाच्या हॉटेलने संघाला जागा नाकारली. ठार मारण्याच्या धमकीची पत्रं आली. सेंट लुईसचे काही खेळाडू त्याच्याविरुद्ध खेळायला नकार देणार, अशी बातमी छापून आली. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी बजावलं की जो खेळणार नाही त्याच्यावर बंदी येईल. पिचर मुद्दाम अंगावर चेंडू टाकायचे. अनेकदा चेंडू त्याच्या अंगावर आदळला. ऑगस्टमध्ये सेंट लुईसच्या एका खेळाडूचा खिळ्यांचा बूट पहिल्या बेसवर त्याच्या पायावर पडला.

उत्तर त्याने बेसवरून दिलं. तो बेसवर आला की पिचरचा जीव खालीवर व्हायचा. पुढे येतोय असं दाखवायचा, मागे जायचा, आणि पिचरने क्षणभर मान वळवली की पळालाच. त्या वर्षी त्याने २९ बेस चोरले, लीगमध्ये सर्वांत जास्त. १२५ धावा, १२ होम रन, आणि एप्रिलमध्ये ०.२२५ वर गेलेली सरासरी वर्षाअखेर ०.२९७. त्या वर्षी नव्या खेळाडूसाठी पहिल्यांदाच सुरू झालेला पुरस्कार त्यालाच मिळाला.

डॉजर्स ९४ सामने जिंकले, ६० हरले आणि लीगमध्ये पहिले आले. घरच्या मैदानावर वर्षभरात १८ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यांना ४-३ ने हरवलं.

संघातला मानाचा खेळाडू पी वी रीस हा दक्षिणेकडच्या केंटकी राज्यातला. प्रेक्षक जॅकीला शिव्या देत असताना रीस त्याच्याजवळ गेला आणि सर्वांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. कुणी म्हणतं हे १९४७ साली घडलं, कुणी म्हणतं त्यानंतर. पण या मैत्रीचा पुतळा आज ब्रुकलिनमध्ये उभा आहे.

वाट बघणारं गाव

आता जरा प्रेक्षकांकडे वळू. ब्रुकलिन हे कामगारांचं, बाहेरून आलेल्या लोकांचं गाव. इटालियन, ज्यू, आयरिश, कृष्णवर्णीय, सगळे शेजारी शेजारी. दुपारी रस्त्याने चाललं तरी प्रत्येक खिडकीतून, दुकानातून रेडिओवर सामन्याचं वर्णन ऐकू यायचं.

डोरिस कर्न्स गुडविन या अमेरिकेतल्या प्रसिद्ध इतिहासकार. त्यांचं बालपण न्यूयॉर्कजवळच गेलं. त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना सामन्याची वही लिहायला शिकवलं. दुपारी रेडिओ ऐकून ही चिमुरडी प्रत्येक चेंडूची नोंद करायची आणि संध्याकाळी बाबा कामावरून आले की वही उघडून सगळा सामना सांगायची. निकाल आधीच सांगून टाकला तर मजा जाते, गोष्ट क्रमाने सांगायची असते, हे आपण तिथे शिकलो, असं त्यांनी पुढे लिहिलं. बघा, भाषेचा, गणिताचा आणि इतिहासाचा पाठ एका वहीत!

पण या गावाच्या नशिबी दर ऑक्टोबरला रडणं होतं. १९४९ मध्ये जॅकीची सरासरी ०.३४२, लीगमध्ये अव्वल, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच. वर्ल्ड सिरीज हरले, यांकीजकडून. १९५० मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी लीगचं अव्वल स्थान हुकलं.

१९५१ तर कोणी विसरूच शकत नाही. ऑगस्टमध्ये डॉजर्स दुसऱ्या क्रमांकाच्या जायंट्स संघाच्या तब्बल १३ सामन्यांनी पुढे होते. लोकांनी हंगाम संपल्यातच जमा धरला. जायंट्सनी शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकले आणि बरोबरी साधली. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात डॉजर्स हरण्याच्या बेतात होते. बाराव्या डावात जॅकीने झेप घेऊन असा चेंडू पकडला की जमिनीवर आपटून तो काही वेळ उठू शकला नाही. चौदाव्या डावात त्यानेच होम रन मारून सामना जिंकून दिला. मग तीन सामन्यांची निर्णायक लढत झाली. ३ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्यात डॉजर्स शेवटच्या डावापर्यंत ४-१ ने पुढे. आणि जायंट्सच्या बॉबी थॉमसनने होम रन मारून ५-४ असा सामना फिरवला.

मैदानात दंगा सुरू झाला. डॉजर्सचे खेळाडू खाली मान घालून निघाले. जॅकी मात्र कमरेवर हात ठेवून तिथेच उभा होता. थॉमसनचा पाय प्रत्येक बेसला लागतो की नाही हे तो शेवटपर्यंत बघत होता. एखादा बेस चुकला असता तर तो बाद ठरला असता! चुकला नाही. मग जॅकी निघाला.

१९५२, वर्ल्ड सिरीज हरले. १९५३, पुन्हा हरले. दोन्ही वेळा यांकीजच. पुढच्या वर्षी बघू, असं एकमेकांना सांगत राहणं ही ब्रुकलिनची सवयच झाली.

१९५५ चा हंगाम सुरू झाला आणि डॉजर्सनी पहिले १० सामने सलग जिंकले. जॅकी ३६ वर्षांचा झाला होता. केस पिकू लागलेले, पाय दुखणारे, सरासरी कारकिर्दीतली सर्वांत कमी. वर्ल्ड सिरीजमध्ये पुन्हा यांकीज. पहिल्याच सामन्यात जॅकीने थेट ‘होम’ चोरलं, ही सर्वांत धाडसी चोरी. तरी तो सामना आणि त्यानंतरचाही हरले. मग डॉजर्स उसळले. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेस या २३ वर्षांच्या पिचरने यांकीजला एकही धाव काढू दिली नाही. डॉजर्स २-० ने जिंकले. ब्रुकलिनचं पहिलं आणि एकमेव विजेतेपद.

त्या सातव्या सामन्यात जॅकी खेळला नाही. पायाच्या दुखण्यामुळे तो बाहेर होता. ज्या दिवसाची नऊ वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी तो बाकावर बसून होता. पण ते विजेतेपद त्याचं नव्हतं असं ब्रुकलिनमध्ये कोणी म्हणालं असतं का?

शांत बसला म्हणजे बरा होता?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही कथा सांगताना आपण बहुतेक वेळा जॅकीचा संयम सांगतो आणि थांबतो. मुलांनो, असं सहन करायला शिका, असा बोध काढतो. मला तो बोध अर्धवट वाटतो.

१९४९ नंतर जॅकीने अट बाजूला ठेवली. तो पंचांशी भांडू लागला, शिवी देणाऱ्याला उत्तर देऊ लागला. लगेच काही वर्तमानपत्रं म्हणू लागली, पूर्वीचा जॅकी चांगला होता. म्हणजे गप्प होता तोवर चांगला! १९५६ च्या शेवटी संघाने त्याला जायंट्सकडे द्यायचं ठरवलं. त्याने तिकडे न जाता निवृत्ती घेतली. डॉजर्स संघच १९५७ नंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, आणि १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडलं गेलं.

निवृत्तीनंतर त्याने एका कॉफी कंपनीत वरच्या पदावर काम केलं, वर्तमानपत्रात लेख लिहिले, नागरी हक्कांच्या मोर्चांत चालला, कृष्णवर्णीयांसाठी हार्लेममध्ये बँक उभी करायला मदत केली. १९६२ मध्ये बेसबॉलचा सर्वोच्च सन्मान, ‘हॉल ऑफ फेम’, मिळाला. पण शरीर थकत होतं. मधुमेहाने दृष्टी अधू केली. १९७१ मध्ये थोरला मुलगा अपघातात गेला. पहिल्या सामन्याला रेचलच्या कडेवर होता, तोच.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी वर्ल्ड सिरीजच्या सामन्यात त्याचा सत्कार झाला. आभार मानून थांबता आलं असतं. पण तिथेही त्याने सांगितलं की एखाद्या संघाचं नेतृत्व कृष्णवर्णीय माणसाकडे आलेलं बघेन तेव्हा मला खरा आनंद होईल. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय फक्त ५३. फ्रँक रॉबिन्सन हे मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक झाले ते १९७५ मध्ये. त्याला ते बघता आलं नाही.

१९९७ मध्ये सगळ्या संघांनी मिळून ४२ हा क्रमांक निवृत्त केला. आता दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ क्रमांकाचा शर्ट घालून खेळतात.

वर्गात शांत बसणारं मूल बघितलं की आपण म्हणतो, काही त्रास नाही त्याचा. कदाचित त्यालाही कुणीतरी अट घातलेली असेल. घरी, गल्लीत, किंवा आपल्याच वर्गात. त्याला विचारायला हवं.

वर्गात काय करता येईल?

१. गणित : चौथी-पाचवीच्या मुलांना दहा चेंडू टाकून किती वेळा टिपता येतात ते मोजायला सांगा. एका दिवसाची नोंद आणि महिनाभराची नोंद शेजारी लिहा. सरासरी म्हणजे काय, हे मुलं स्वतःच सांगतील.

२. भाषा : मैदानावर झालेला कबड्डी किंवा लंगडीचा सामना घरी जाऊन क्रमाने सांगायचा. निकाल शेवटीच. पालकांनी फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही.

३. आपल्यासाठी : जूनमध्ये मनात झालेली यादी एका कागदावर खरोखर लिहा आणि कपाटात ठेवा. मार्चमध्ये उघडा. किती नावं चुकीच्या जागी होती ते बघा. मी गेल्या वर्षी केलं. किती चुकली होती ते सांगत नाही, लाज वाटते.

१९४७ च्या ३० एप्रिलला कुणी जॅकी रॉबिन्सनची गुणपत्रिका लिहिली असती, तर त्यात शेरा काय असता? सुधारणा आवश्यक, एवढाच. पण तेव्हा हंगामाचे पाच महिने बाकी होते, आणि एक म्हातारा माणूस रोज सकाळी यादीत त्याचं नाव लिहीत होता.

तुमच्या वर्गातलं ते एक नाव आठवलं असेल ना? उद्या सकाळी ते पुन्हा पुकारा.